घाई कोणाची?

आमच्या किनाऱ्यावर दर्या उघडण्याच्या दोन तारखा आहेत. एक सरकारची आणि एक पंचांगाची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. १ ऑगस्टला ती उठते. पंचांगाची तारीख म्हणजे नारळी पौर्णिमा. ती २०२२ साली ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आली, २०२४ साली १९ ऑगस्टला आली, आणि २०२३ साली श्रावण अधिक आल्यामुळे चांगली ३० ऑगस्टपर्यंत लांबली. म्हणजे त्या वर्षी सरकारचा दर्या पंचांगाच्या दर्याच्या महिनाभर आधी उघडला. सरकारला मासळीच्या विणीचा विचार करावा लागतो, पंचांगाला चंद्राचा. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे. पण समुद्राला ना कायदा वाचता येतो, ना अधिक मास कळतो. त्याची स्वतःची एक तिसरी तारीख असते, आणि ती कोणी छापत नाही.

ही तिसरी तारीख ओळखायची कशी, हा खरे तर नावाड्याचा प्रश्न. मी नावाडी नव्हे. माझे आजोबा तांडेल होते, मी शाळामास्तर आहे, आणि मधल्या काळात काही कादंबऱ्या लिहिल्या एवढाच काय तो माझा पराक्रम. तत्त्वज्ञानाचे ग्रंथही मी फारसे वाचलेले नाहीत. माझी मजल मॅट्रिकच्या पुढे गेली नाही. तरीही या प्रश्नाने मला आयुष्यात दोनदा गाठले आहे. एकदा आजोबांच्या गोष्टीतून, आणि एकदा प्रत्यक्ष. ज्याच्या पदरात लहान मुले आहेत आणि ज्याला त्यांना घेऊन धोक्याच्या किनाऱ्याने जायचे आहे, त्याने निघावे केव्हा? आणि थांबावे केव्हा?

सोलापूर-नागपूरकडचा वाचक म्हणेल, आमच्या सात पिढ्यांत कोणी समुद्र पाहिला नाही. आम्हाला काय त्याचे? पण दिवाळीच्या सुट्टीत मागच्या बाकावर पेंगणारी मुले घेऊन मध्यरात्री घाट उतरणारा बाप हाच प्रश्न सोडवीत असतो. बांधलेली नोकरी सोडून दुकान घालणारा गृहस्थ हाच प्रश्न सोडवीत असतो. फरक इतकाच, की समुद्र उत्तर तपासायला फार वेळ लावीत नाही.

आधी किनाऱ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. कोकणचा समुद्र आठ महिने गरीब असतो. रात्री जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. जुने शिडाचे तांडेल या दोघांना आलटून पालटून जुंपीत आणि मुंबई गाठीत. पावसाळ्यात मात्र नैर्ऋत्येचा वारा एकसारखा किनाऱ्याकडे लोटीत असतो. भर समुद्रात शीड फाटले तर माणूस निदान वाहत जातो; इथे तो वाहत जातो तो खडकांवरच. आसरा म्हणून खाडीत शिरावे, तर खाडीच्या तोंडाशी नदीने आणलेल्या वाळूचा दांडा पाण्याखाली आडवा पडलेला असतो. खोल पाण्यातली ऐसपैस लाट या उथळ जागी आली की उभी राहते आणि फुटते. त्यातच ओहोटी लागली असेल, तर बाहेर धावणारे खाडीचे पाणी आत येणाऱ्या लाटेला भिडते आणि ती अधिकच उभी होते. अशा जागी होडी मागे फिरवता येत नाही. फिरवायची म्हणजे ती क्षणभर लाटेला आडवी होणार, आणि आडवी झालेली होडी उलटायला एक लाट पुरते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे मला तिचा उपयोग आहे.

पावसाळा सरला म्हणजे सगळे सरले असेही नाही. अरबी समुद्रातली वादळे मे-जूनमध्ये येतात, तशीच ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आपल्या दिव्यांच्या दिवसांत येतात. कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ बोट १८८८ च्या नोव्हेंबरात शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला विजळी म्हणत. तिच्यावर लग्नाची वऱ्हाडे होती आणि मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुले होती, असे सांगतात. ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी १९२७ च्या नोव्हेंबरात बुडाल्या. फयान वादळ २००९ साली आले तेही ११ नोव्हेंबरला; आकाशकंदील उतरवून फार दिवस झाले नव्हते, आणि कोकणातले कित्येक मच्छीमार त्या वेळी घरी परतले नाहीत. आणि ‘रामदास’चे नाव तर आमच्याकडे अजून आवाज खाली आणून घेतात. १७ जुलै १९४७ च्या सकाळी ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी तशाच समुद्रात होड्या घातल्या म्हणून काही वाचली. स्वातंत्र्याला तेव्हा एक महिनाही उरला नव्हता.

आता आजोबांची गोष्ट. ती १९५६ च्या सुमाराची आहे. आमचे गाव देवगड तालुक्यातले, खाडीकाठचे. आजोबा एका शेटच्या मचव्यावर तांडेल होते. नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते, आणि शेटला मचवा मुंबईला धाडायचा होता. मचव्यात नारळ भरलेले होते. गणेशचतुर्थीच्या आधी मुंबईच्या बाजारात नारळ पोचला तर त्याला सोन्याचा भाव, चतुर्थीनंतर पोचला तर तोच नारळ मातीमोल. हे आजही खरे आहे. त्यातून आजोबांचा स्वतःचाही एक बेत होता. मुंबईत एका नातेवाइकाच्या ओळखीने त्यांना अर्धी खोली मिळत होती. याच खेपेला बिऱ्हाड हलवायचे, सहा वर्षांच्या माझ्या वडिलांना मुंबईच्या शाळेत घालायचे, असे ठरले होते. आजीच्या मांडीवर सात महिन्यांची माझी आत्या होती. भांडीकुंडी बांधून तयार होती. मचव्यातून गेले की बोटीचे भाडेही वाचणार होते.

आजोबा तीन दिवस रोज पहाटे खाडीच्या तोंडाशी जाऊन बसत. आकाश निवळले होते, वारा पडला होता. पण दांड्यावर लाट फुटायची थांबली नव्हती. चौथ्या दिवशी शेटचा माणूस आला. तो म्हणाला, पौर्णिमा झाली, नारळ वाहिला, आता दर्या आपला. खलाशीही उतावीळ झाले होते; पावसाळाभर कोणाच्याच हाती पैसा आला नव्हता. आजोबांचा निश्चय डळमळला असावा. ते घरी आले आणि आजीला म्हणाले, उद्या निघू.

आजीने वाद घातला नाही. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले आणि एवढेच विचारले, “कोणाक घाय आसा?”

घाई कोणाला आहे? पोरीला नव्हती, तिला मुंबई आणि माजघर सारखेच. मुलाला नव्हती, शाळा दसऱ्यानंतर सुरू केली तरी कोणी त्याला फाशी देणार नव्हते. आजीला स्वतःला नव्हती. घाई नारळाला होती, म्हणजे शेटला होती. आणि थोडीशी, खोलीच्या पायी, आजोबांनाही होती.

मग आजीने एक व्यवहारी तोड सुचवली. तुम्ही मचवा घेऊन पुढे व्हा; मी मुलांना घेऊन महिन्याभराने बोटीने येते. त्या काळी मुंबईच्या बोटी पावसाळ्यात बंद असत आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा सुरू होत. कोणीही शहाणा माणूस ही तोड मान्य करील. आजोबा बराच वेळ गप्प बसले आणि मग जे बोलले ते आमच्या घरात आजही बोलले जाते: “ज्या दर्यात मी माजी पोरां घालूचंय नाय, त्यात दुसऱ्याची कशी घालू?”

चार खलाशी होते. चौघेही कोणाची तरी पोरे होती, आणि चौघांनाही घरी पोरे होती.

आजोबांनी मचवा हाकायचे नाकारले. शेटने दुसरा तांडेल आणला. चारपैकी दोन खलाशी त्याच्याबरोबर गेले, दोन नवे मिळाले. मचवा दुसऱ्या दिवशी निघाला, आणि चार दिवसांनी सुखरूप मुंबईला पोचला.

होय, सुखरूप पोचला. मी कादंबरीकार आहे. ही कादंबरी असती तर तो मचवा मी बुडवला असता, आणि वाचकांनी आजोबांच्या शहाणपणाला मान डोलावली असती. पण तो बुडाला नाही. नारळांना उत्तम भाव आला. नवा तांडेल कायमचा झाला, आजोबांची नोकरी गेली, आणि अर्धी खोली ज्याला मिळाली तो पुढे अख्ख्या खोलीचा मालक झाला. गावात लोक काही वर्षे आजोबांना ‘भटजी’ म्हणत. दर्याला मुहूर्त पाहणारा म्हणून. माझ्या वडिलांचे मुंबईचे शिक्षण राहून गेले. ते गावातच चौथीपर्यंत शिकले आणि मग दुसऱ्याच्या बागेत राखणीला लागले.

म्हणजे थांबण्याची किंमत पडली, आणि ती मुलानेच भरली. म्हणून मला ही गोष्ट रामदासच्या गोष्टीपेक्षा अधिक अवघड वाटते. रामदासची गोष्ट ऐकली की शहाणपण आपोआप सुचते. इतक्या मरणांपुढे कोण वाद घालणार? परंतु जिथे जाणारे तरले आणि थांबणारे मागे पडले, तिथे थांबणारा बरोबर होता असे म्हणायची आपली छाती होते काय?

मी हा प्रश्न माझ्या वडिलांना विचारला होता. ते तेव्हा सत्तरीच्या घरात होते. अंगणात झाप विणीत बसले होते. मी म्हटले, “आबा, त्या दिवशी आजोबा निघाले असते तर तुमचे आयुष्य निराळे झाले असते. त्यांचा राग नाही येत?” त्यांनी हातातले काम थांबवले नाही. म्हणाले, “निघालो असतो तर बुडलो नसतो, हे मला ठाऊक आहे. बाबांना ते कुठे ठाऊक होते?”

मला वाटते, निर्णयाच्या नीतीबद्दल यापेक्षा नेमके वाक्य मी तरी ऐकलेले नाही. आपण माणसांचे निर्णय निकालावरून तपासतो; जणू निर्णय घेणाऱ्याच्या हाती निकालाची प्रत आधीच आलेली होती. जो तरला तो धाडसी, जो बुडाला तो अविचारी. जो थांबला आणि वाचला तो दूरदर्शी, जो थांबला आणि मागे पडला तो भित्रा. पण किनाऱ्यावर उभे असताना या चौघांपुढे पाणी एकच होते. शाळेत आम्ही मास्तर गणिताचे गुण देताना रीत तपासतो. उत्तर बरोबर आणि रीत चूक असेल तर पोराने शेजाऱ्याचे पाहिले असे समजतो. दर्यातून सुखरूप आलेल्या पुष्कळांनी असेच शेजाऱ्याचे पाहिलेले असते.

याहून वाईट म्हणजे, निकाल हा खोटे शिकवणारा मास्तर आहे. फुटत्या दांड्यावरून एकदा होडी पार झाली की माणसाला वाटते, आपल्याला ते जमते. दुसऱ्यांदा झाली की वाटते, दांडा तितका वाईट नाही. दहाव्यांदा तो त्याकडे पाहतसुद्धा नाही. दहा वेळा तरल्याने अकराव्या वेळचे पाणी उथळ होत नाही, हे तोंडपाठ असूनही मनात उतरत नाही.

पण मग मुले बरोबर असली म्हणजे नेमके काय बदलते? एकटा माणूस स्वतःच्या जिवाचा मालक असतो. तो जीव त्याने कसा खर्चावा हे सांगणारे आपण कोण? समुद्र ओलांडणारे, हिमालय चढणारे, त्यांच्या धाडसावाचून जग लहान राहिले असते. परंतु मुलाच्या जिवाचा बाप मालक नसतो. तो विश्वस्त असतो. देवस्थानचा पंच स्वतःचे पैसे जुगारात उधळील तर लोक त्याला मूर्ख म्हणतील. देवाचे पैसे उधळील तर चोर म्हणतील. सात महिन्यांच्या पोरीला धोका समजत नाही, ती होकार देत नाही, नकारही देत नाही. ती फक्त बापाच्या खांद्यावर मान टाकते. ती मान म्हणजेच विश्वास. तो मागून मिळालेला नसतो, म्हणून तर तो मोडता येत नाही.

इथे कोणी म्हणेल, मग काय मुलांना आयुष्यभर माजघरात ठेवायचे? समुद्रकाठचे मूल समुद्रावर जाणारच. ज्याला कधी लाट लागली नाही, त्याला लाट कळणार कशी? हेही खरे आहे. विश्वस्ताने पैसा पुरून ठेवला तर देवळाचे छप्पर गळते. माझ्या वडिलांचे चौथीत थांबलेले शिक्षण हे असे गळके छप्परच होते, आणि मी ते लपवीत नाही. भय हे काही आपोआप शहाणपण होत नाही. पुष्कळ बाप आपल्या आळसाला, आपल्या संशयाला ‘मुलांसाठी’ असे नाव देतात. जसे पुष्कळ बाप आपल्या हौसेलाही ‘मुलांसाठी’च म्हणतात.

म्हणून मला आजीचा प्रश्न थोर वाटतो. तिने ‘धोका किती?’ असे विचारले नाही. तिला ते मोजता येण्यासारखे नव्हते. तिने ‘घाई कोणाची?’ असे विचारले. धोका कोण पत्करतो आणि लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे एका वाक्यात तिने वेगळे करून ठेवले. मूल आजारी आहे, डॉक्टर पलीकडच्या तीरावर आहे, तर घाई मुलाचीच आहे. मग फुटत्या दांड्यावरूनही जावे लागते, आणि असे गेलेले बाप मी पाहिले आहेत. पण घाई शेटची असेल, पाहुण्यांची असेल, परतीच्या तिकिटाची असेल, किंवा ‘आम्ही पोचलोसुद्धा’ असे सांगण्याची असेल, तर तिचा भार मुलाच्या नाजूक मानेवर ठेवायचा नसतो.

दुसरा प्रश्न मी आजोबांकडून घेतला: जो धोका मी माझ्या मुलांना देणार नाही, तो दुसऱ्याच्या मुलांना देऊ शकतो काय? मुले बरोबर असली की माणूस भित्रा होतो, असे म्हणतात. मला उलट वाटते. तो डोळस होतो. एकटा असताना जे दिसत नव्हते ते त्याला दिसू लागते. आणि एकदा दिसले की मुले घरी ठेवल्याने ते दिसेनासे होऊ नये.

तिसरा प्रश्न मला माझ्या मुलीने शिकवला. २०२३ च्या ऑगस्टची गोष्ट. माझ्या मेव्हण्याच्या घरी मुलीचे बारसे होते. त्याचे गाव आमच्या गावापासून टेकाडापलीकडे. होडीने अर्धा तास, पण रस्त्याने दोन खाड्यांना वळसा घालून अडीच तास. मेव्हण्याची स्वतःची यांत्रिक होडी आहे. तो म्हणाला, “भावोजी, बंदी उठून पंधरा दिवस झाले. मी येतो न्यायला.” त्या वर्षी ऑगस्ट अगदी कोरडा गेला होता, देशभरात १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आकाश दसऱ्यासारखे निळे होते. माझी मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. दोघेही नवे कपडे घालून पहाटेपासून धक्क्यावर.

मी मुलांसाठी लहान मापाची तरंगती जाकिटे आणवली होती. मोठ्यांचे जाकीट मुलाला घातले तर ते पाण्यात डोक्यावरून निसटते, नसल्यासारखेच. आम्ही निघालो. खाडीत पाणी आरशासारखे होते. तोंडाशी आलो तेव्हा मला दांड्यावर पांढरी रेघ दिसली. दिसली आणि नाहीशी झाली. मेव्हणा म्हणाला, “मधे मोकळे आहे, मी जातो त्यातून.” आणि त्याला ते खरेच जमले असते, तो माझ्यासारखा पुस्तकी माणूस नाही. मी म्हटले, “पंधरा मिनिटे थांबू.” मोठ्या लाटा एकेकट्या येत नाहीत, चारदोन मिळून येतात, आणि मधे लांब शांतता असते, त्या शांततेवर विश्वास ठेवणारे फसतात, हे आजोबांचे बोलणे मला आठवत होते. आम्ही होडी आतल्या बाजूला रोखून धरली. अकराव्या मिनिटाला समुद्र उचलला. एकामागून एक चार लाटा दांड्यावर उभ्या राहिल्या आणि ज्या ‘मोकळ्या’ जागेतून आम्ही जाणार होतो ती जागा पांढरी झाली.

आकाश निळे, वारा नाही, आणि लाट? दूर दक्षिण हिंदी महासागरात कुठे तरी वादळ होते आणि त्याच्या लाटा हजारो मैल चालत आपल्या किनाऱ्याशी येतात. केरळात तिला ‘कल्लकडल’ म्हणतात. चोरपावलांनी येणारा समुद्र. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आता अशा लाटांचे इशारे आधी देते. त्या दिवशीची लाट नेमकी कुठली, हे सांगण्याइतके ज्ञान मला नाही. एवढे खरे, की आकाशाकडे पाहून समुद्राची परीक्षा होत नाही.

मेव्हणा म्हणाला, “आता मोकळे होईल. आता गेलो तर गेलो.” मी मागे पाहिले. वळायला जागा होती. आणखी शंभर हात पुढे गेलो असतो तर ती राहिली नसती. मी म्हटले, “फिरव.”

परतताना मुलीने विचारले, “बाबा, तुम्ही घाबरलात?”

बापाला या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे नाही. मेव्हणा ऐकत होता. बायको दुसरीकडे पाहत होती. मी म्हटले, “हो. घाबरलो.” ती विचार करून म्हणाली, “मग अजून पुढे गेल्यावर घाबरला असतात तर?”

तिने तिसरा प्रश्न पुरा केला: मागे कुठवर फिरता येईल? दांड्याचे जे आहे तेच पुष्कळ निर्णयांचे आहे. एका जागेपर्यंत माणूस आपला मालक असतो. त्यापुढे फक्त सुकाणू धरून बसायचे. ती जागा कोणती, हे पाण्यात ठरवता येत नाही. किनाऱ्यावरच, मुले होडीत बसण्याआधी, ठरवावे लागते. पाण्यात गेल्यावर मेव्हण्याचा मान असतो, नवे कपडे असतात, पलीकडे वाढलेली पाने असतात. भीती यायची तर ती वळायच्या जागेच्या अलीकडे यावी. तिथे ती सल्लागार असते, पलीकडे नुसती थरथर.

आम्ही त्या दिवशी रस्त्याने गेलो. पोचेतो नाव ठेवून झाले होते. आणि दुपारच्या भरतीला मेव्हणा एकटाच होडी घेऊन दांड्यावरून बिनधोक घरी पोचला! जेवताना तो त्याबद्दल चार माणसांत बोललाही. मी श्रीखंड खात राहिलो. आबांचे वाक्य पाठीशी होते म्हणून गिळले.

मी खबरदारीचा पोवाडा गात आहे असे मात्र कोणी समजू नये. सगळे केले तरी समुद्र उरतोच. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात, शांत पाण्यावर, भर दुपारी, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी होडीला नौदलाची वेगवान होडी येऊन धडकली आणि पंधरा माणसे गेली. त्या आईबापांनी कोणता दांडा ओळखायला हवा होता? ऋतू चांगला, दिवस चांगला, पाणी चांगले. होडी बुडते आहे असे पाहून काही आईबाप आपली मुले पाण्यात टाकायला निघाले होते आणि मदतीला आलेल्या जवानांनी त्यांना थांबवले, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते. ते वाचून मी कितीतरी वेळ तसाच बसलो होतो. मूल वाचावे म्हणून त्याला समुद्राच्या हवाली करायला निघालेला बाप! त्याच्या प्रेमात काही उणे नव्हते. विचार करायला त्याला वेळच मिळाला नव्हता.

म्हणूनच, ज्यांना विचार करायला वेळ मिळतो त्यांच्यावर तो करण्याची जबाबदारी आहे. किनाऱ्यावरची पंधरा मिनिटे ही चैन नव्हे. ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांचे आपण तेवढे देणे लागतो. घाई कोणाची, हाच धोका मी दुसऱ्याच्या मुलाला देईन काय, आणि मागे कुठवर फिरता येईल. एवढे विचारून झाल्यावर मग मात्र निघावे. निघायलाच हवे. होडी वाळूत ठेवून तिच्या फळ्या वाचत नाहीत. उन्हाने त्यांच्या सांधी उघडतात.

त्या बारशाची मुलगी आता पायांवर धावते. पुढच्याच डिसेंबरात, मतलई वारा लागल्यावर, आम्ही चौघे मेव्हण्याच्या होडीने तिला पाहायला गेलो. माझी मुलगी नाळेवर बसली होती. दांडा जवळ आला तसे तिने आपल्या भावाचे जाकीट ओढून घट्ट केले आणि मामाला सांगितले, “मामा, थांब. मी आधी मोजते.”

मामाने होडी थांबवली. पंधरा मिनिटे कोणी काही बोलले नाही. पाणी तबकासारखे होते. मग ती म्हणाली, “चल.”